फेअर म्हणजे कुठलं

सुनेने नोकरी सोडून पनवेलच्या बाजारात पार्लर टाकलं. चाललं नाही तर तशी नोकरी परत मिळणार नव्हती. सगळं नावावर अवलंबून असतं, असं तिचं मत. मला वाटे, कात्रीवर असतं. पण मी चौथी शिकलेली, माझं कोण ऐकतं.

तिला नावात 'फेअर' हवं होतं. फेअर म्हणजे गोरी. तसं सरळ लिहिलं तर हल्ली लोक नावं ठेवतात, म्हणून ते जुन्या ग्रीक भाषेत घालायचं. ग्रीक बायका संगमरवरासारख्या असत म्हणे. तिने पुतळे पाहिले होते, बायका नव्हेत. लग्नाच्या वेळी मला सावळी म्हणून नाकारणारेही कोळशासारखेच होते.

फोनने शब्द दिला, 'पानीगिरिस'. मराठी अक्षरांत बोर्ड चढला. मग माझ्या मुलाने तोच शब्द फोनमध्ये उलटा, ग्रीकमधून मराठीत घातला.

"अगं, हा जत्रा म्हणतोय."

"कसली जत्रा?"

"पाळणे, भेळ. शाळेत फन फेअर असतं ना, ते फेअर. न्यायाचं वागणं तेही फेअरच."

म्हणजे इंग्रजांचं गोरं तेच न्यायाचं. राज्य करून गेले ते उगाच नाही.

 सून म्हणाली, "जाऊ दे. पनवेलमध्ये ग्रीक येतंय कोणाला?"

"मग लिहिलंस कोणासाठी?" मी विचारलं.

उद्घाटनाला पेढे मांडून बसलो. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग उरणकडची एक बाई बोर्ड वाचत आत डोकावली.

"पान्याचा टँकर हितंच सांगायचा ना?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानात तेवढंच होतं.

संध्याकाळी मुलाने बोर्डावर फ्लेक्स बांधला, 'लेडीज पार्लर'. दुसऱ्या दिवशी तीच बाई लेकीला घेऊन हजर.

"पार्लर हाय तं काल बोलायचं नाय का? हिला बगायला येनार हायेत. जरा गोरी करून दे."

मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस.

"आहे ती काय वाईट आहे?" मी म्हणाले.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा."

बसले. पोरगी बाहेर आली ती चुना मारलेल्या भिंतीसारखी. मान तेवढी तिची स्वतःची राहिली होती. तिची आई खूश. जाताना जावेला आणि भाचीलाही घेऊन येते म्हणाली.

पार्लर चालणार.