वहिनीवर आलेला तेलगळतीचा आळ

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. यंदाच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, वारंगा फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात, चारचौघांत. ती तिथं नव्हती. माझा बाप भरल्या बाकड्यांसमोर म्हणाला, "सुनंनं इंजिन घालवलं. बाईच्या हाती दिल्यावर दुसरं काय व्हणार?" लोक हसले. मी शेजारीच बसून बशीत चहा ओतत होतो. मी ऐकलं, म्हणून लिहितो आहे.

ट्रॅक्टर छोटा आणि जुना, आमच्याकडं येईपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबलेला. पेरूच्या बागेत मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडतो, हा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर घेऊन ओळींमधून आरामात जातो. दादा ट्रकवर असतो, सणावारालाही घरी पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून वहिनी शिकली. आधी आमची बाग, मग शेजारच्यांची, मग कळमनुरीच्या रस्त्याकडूनही तिला बोलावणी यायला लागली. गावातल्या बाया तिला 'डायवरीन बाई' म्हणायच्या. त्यात थट्टा होती आणि मानही होता.

हळदीचा हंगाम उरकत आला तसं तेल गळायला लागलं. सकाळी बघावं तर इंजिनाखाली माती काळी. फाट्यावरच्या मेस्त्रीनं खालचं तेलाचं चेंबर उतरवून पॅकिंग बदललं. गळती तशीच. मग तो म्हणाला, "इंजिन खोलना पडेगा. किसीने रगड के चलाया है." हा 'किसीने' कोण, हे बापाला विचारावंसं वाटलं नाही. त्यानं चावी बंडीच्या खिशात घातली आणि पाडवा झाला की हट्टा गावचा एक माणूस ट्रॅक्टर बघायला येणार, असं ठरवूनही टाकलं. ट्रॅक्टर गेला की वहिनीचं चालवणं संपलं. गोष्ट एवढी सरळ होती.

ती भांडली नाही. मी भांडलो.

"पुरावा काय?"

"तेल दिसून न्हाई राहिलं का तुला?"

"तेल दिसतंय. त्याच्यात तिचा हात कुठं दिसतोय?"

"पत्रकं वाटू वाटू पोरगं वकील झालं," बाप मायला म्हणाला. मी गावोगावी पत्रकं वाटत फिरतो, त्यावरचा हा टोमणा.

पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर वहिनी ट्रॅक्टरपाशी उकिडवी बसली होती. मला म्हणाली, "भाऊजी, मेस्त्रीनं समदं खालूनच पाह्यलं. तेल काय खालून वर चढतं व्हय? डाग खाली हाय, पण सुरुवात कुठं हाय ते कुणी पाह्यलंच न्हाई."

डागांवर डाग चढलेल्या इंजिनात सुरुवात दिसणारच कशी? आम्ही ब्रश घेऊन डिझेलनं सगळं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, उन्हात सुकू दिलं. हळद शिजवायच्या चुलीतली राख वहिनीनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळली आणि इंजिनावर सगळीकडं हलक्या हातानं भुरभुरली. राख जिथं पहिल्यांदा काळी पडेल, तिथून तेल निघतंय.

माय ओट्यावरून म्हणाली, "इंजिनाला भस्म लावून राहिले का?"

आता चावी पाहिजे होती. बाप चावी देईना. "म्याच चालू करतो. तुमी दोघं लांबूनच पाहा," म्हणत तो स्वतः सीटवर चढून बसला.

इंजिन हळू चालत होतं तोवर काहीच झालं नाही. मला फिल्टरजवळ ओल दिसली आणि मी बोट दाखवून मोकळा झालो. "सापडलं. फिल्टर."

वहिनीनं ओल बोटावर घेऊन हुंगली. "हे डिझेल हाय, भाऊजी. आपुनच धुतलंय." मग ती बापाला म्हणाली, "मामा, जरा रेस द्या."

"तू देती तशी?"

"व्हय. मी देती तशीच द्या."

बापानं रेस दिली. थोड्या वेळानं टापेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेनं राख काळी पडली. मग पुढं पुलीपाशी पडली. आणि मग मी आजवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. तेल मोजायची पट्टी आपल्या नळीतून हळूहळू वर यायला लागली. वहिनीनं ती दाबून बसवली. ती परत वर आली. रेस कमी करायला सांगून वहिनीनं तेल ओतायचं झाकण फिरवलं, तर आतून गरम हवेचा झोत निघाला आणि तिचा पदर हलला.

"आतल्या हवेला बाहेर निघायला वाट न्हाई," ती म्हणाली. "म्हणून जिथं फट सापडंल तिथून तेल ढकलून राहिली."

इंजिनाला आतली हवा सोडायला एक नळी असते, मेस्त्रीलोक तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या ट्रॅक्टरची नळी टापेट कव्हरपासून निघून मागच्या बाजूनं खाली वळते, वाकल्याशिवाय दिसत नाही. वहिनी बोटांनी ती नळी चाचपत खाली गेली. हात थांबला.

"इथं काय बांधलंय?"

बापानं इंजिन बंद केलं.

नळीच्या तोंडाला फडकं होतं, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेलं. हळद घासायचा ड्रम आम्ही याच ट्रॅक्टरला जोडतो. ड्रम फिरला की पिवळ्या धुळीत माणूस ओळखू येत नाही. काम थांबलं की सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि सकाळी सोडायचं, ही आमच्याकडं सगळ्यांचीच रीत. यंदा कुणीतरी एक पाऊल पुढं गेलं होतं. जेवढी तोंडं उघडी दिसली तेवढी सगळी बांधली, वरची सोडली, खालचं राहून गेलं. हळद आणि तेल पिऊन ते फडकं खापरासारखं कडक झालं होतं.

"हे कुणी बांधलं?" मी विचारलं.

बाप सीटवरून उतरला. "धूळ जाईल म्हणून म्या बांधलं व्हतं. इंजिनाच्या भल्यासाठीच."

"भल्यासाठीच बांधलं, मामा," वहिनी म्हणाली. "फकस्त त्याचं नाक बांधलं."

माय तोंडाला पदर लावून आत गेली.

फडकं कापून काढलं, नळीत तार घालून ती साफ केली, इंजिन पुसून परत राख मारली. या वेळी बरीच रेस देऊनही वरची राख कोरडीच राहिली. पुलीपाशी थोडी ओल आली, तिथलं तेल अडवणारं रबरी सील दाबानं गेलं होतं आणि ते नंतर बदलावं लागलं. इंजिन मात्र उघडावं लागलं नाही. बाप चावी सीटवर ठेवून निघून गेला.

हट्ट्याचा माणूस आला तेव्हा बाप म्हणाला, "विकायचा न्हाई."

"काहून? इंजिन गेलं म्हणत व्हते ना?"

"पोरं नको म्हणून राहिली."

फडक्याचं नाव काढलं नाही. तो माणूस गेल्यावर मी म्हणालो, "आता फाट्यावर जाऊन सांगा."

"घरातलं घरात मिटलं की."

"तुमी घरात कुठं बोलला व्हता? हॉटेलात बोलला."

"सांगतो कवा तरी," म्हणून त्यानं चपला घातल्या. ते 'कवा तरी' अजून आलेलं नाही.

वहिनी आमच्या बागेत चालवते. बाहेरची बोलावणी मात्र थांबली. दरवर्षी तिलाच बोलावणारा एक बागवाला तिला तोंडावर म्हणाला, "यंदा ऱ्हाऊ द्या ताई, तुमचं तेल आमच्या झाडाखाली पडंल." ती घरी आली आणि स्वच्छ असलेलं इंजिन परत पुसत बसली. याचा मला फार राग आहे. बापानं चूक केली म्हणून नाही, चूक कुणाचीही होते. आळ भरल्या बाकड्यांसमोर घातला आणि खुलासा अंगणात उरकला, म्हणून.

बापाच्या मागं मी लागेन, ते माझं काम. तुमचं काम वेगळं आहे. त्या सकाळी फाट्यावर तुम्ही हसला असाल, तर त्याच हॉटेलात जा, बाकडी भरलेली असताना जा आणि मोठ्यानं सांगा की तेल फडक्यामुळं गळत होतं आणि ते फडकं तिनं बांधलं नव्हतं. तुम्ही तिथं नसाल, पण दुसऱ्या कुठल्या बाईच्या हाताला असंच हसला असाल, तर तिथं जाऊन तिची खरी बाजू सांगा. आणि पेरूच्या ओळींत रोटाव्हेटर मारायचा असेल, तर माझ्या वहिनीला बोलवा.