कारिवण्याचं नाव

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते आहे – कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. ते का सांगितलं, ते पुढे कळेल. आधी सासूबाई.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. सासरे गेले आणि सासूबाईंची झोपच उडाली. दिवेलागणीपासून जिवाची घालमेल सुरू. मुलाला ठाण्याहून यायला जरा उशीर झाला की छातीत धडधड. गॅस बंद केलाय ना, कडी लावलीय ना – चारचारदा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या दिवसभर गुंगीत असत, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या.

मग हिराबाय आली. कोपरची कोळीण, आमच्या खालच्या बिऱ्हाडात मासळी द्यायची. सासूबाईंचे डोळे पाहून तिनं कसल्याशा पाल्याचा रस आणून दिला. पैसे घ्यायची नाही, पाल्याचं नाव सांगायची नाही. नाव घेतलं की औषधाचा गुण जातो, असा तिच्या सासूकडून आलेला नियम. सासूबाईही तो मानत. मी मनातल्या मनात हसायचे. पण आठवड्याभरात सासूबाई झोपू लागल्या, त्याला काय म्हणणार?

पावसाळ्याच्या तोंडावर हिराबायचे गुडघे धरले. तिनं मला घरी बोलावून मागच्या विहिरीपाशी नेलं, ओल्या कडेनं पसरलेला पाला दाखवला, नाव सांगितलं आणि हातावर एक सुपारी ठेवली.

"आता तूच दे गो बाय. नाव मातर कुनाला सांगू नको."

सुपारी मी मुठीत घेतली. म्हणजे शब्द दिला – नाही का?

दोन महिने मी पहाटे उठून, चिखल तुडवत कोपरला जाऊन पाला आणला, वाटला, गाळला, मग शाळेत गेले. सासूबाई शांत झोपत. हे माझ्या हातून होतंय याचं मला – खोटं कशाला बोलू – फार अप्रूप होतं. आणि एका रविवारी माजिवड्याची नणंद आली. आईचा चेहरा उजळलेला पाहून तिनं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "हिराबायचा गुण तो. ही काय, नुसती वाटून देते."

एवढंच. एवढ्यावरून माणसानं असं वागावं?

माझ्या हातात रसाची वाटी होती. मी ती त्यांच्यापुढे ठेवली आणि अगदी वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाले, "कारिवणा म्हणतात याला. गटाराच्या कडेलाही उगवतो. पुस्तकात चित्र आहे, दाखवू?"

रागाच्या भरात तोंडून गेलं असं नाही. नाव घेतल्यानं त्यांचं काय होईल हे मला ठाऊक होतं. तेच मला हवं होतं.

सासूबाई वाटी उचलून रस प्यायल्या. पुढेही रोज प्यायल्या. पण झोप गेली ती गेलीच. पानात जे होतं ते माझ्या बोलण्यानं कुठे जाणार होतं? हे मी तेव्हाही स्वतःला ऐकवायचे. आणि सकाळी त्यांचे तारवटलेले डोळे समोर असायचे.

गणपतीनंतर हिराबाय काठी टेकत जिना चढून आली. सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि मला दारात नेऊन हळूच विचारलं, "नाव घेतलंस काय गो कुनाजवल?"

मी नाही म्हणाले.

तिनं स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. "मंग माजेच हातचा गुन गेला," म्हणाली. सासूबाई आत ऐकत होत्या. त्या तेव्हा बोलल्या नाहीत, नंतरही नाही, मुलाजवळसुद्धा नाही. त्यांनी मला का झाकलं, हे मला आजही कळलेलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. हिराबायनं मात्र त्या दिवसापासून कुणालाच औषध दिलं नाही. लोक येत, ती हात जोडून परत पाठवी.

सासूबाई पुन्हा गोळ्यांवर आल्या. सहा वर्षं तशीच काढली आणि गेल्या.

तेराव्याला हिराबाय आली. नातवाचा हात धरून, नवं लुगडं नेसून. माझ्यासमोर बसली आणि रडायला लागली. तिच्या हातचा गुण गेला, म्हणून माझ्या सासूला शेवटपर्यंत सुखाची झोप मिळाली नाही – ती माझी क्षमा मागायला आली होती. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे आमच्याकडे बघत होते.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे हिराबाय. माझ्या मनात काही नाही."