दशरथच्या सांध्यातला गॅस

"गॅस केस! ऑक्सिजन लावा!" असं ओरडत कारखान्याच्या गॅस सेफ्टीची माणसं स्ट्रेचर घेऊन दवाखान्यात घुसली. स्ट्रेचरवरचा माणूस पूर्ण शुद्धीत होता आणि त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होता.

"मले उतरवा ना बाप्पा! मले गॅस नाई लागला!"

मी नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नुकतीच रुजू झालेली डॉक्टर. कामगारांच्या वसाहतीतल्या, म्हणजे सेक्टरमधल्या, दवाखान्यात बसत असे. भट्ट्या पेटून फार काळ झाला नव्हता. 'गॅस' म्हटलं की लोक आधी पळायचे आणि कुठे, कोणाला, ते नंतर विचारायचे. त्यात चूक काही नव्हती. भट्टीच्या गॅसला रंग नसतो, वास नसतो. माणूस बोलता बोलता खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

मी त्या माणसाला तपासलं. दशरथ शेंडे, मूळ भंडाऱ्याकडचा, रोलिंग मिलमध्ये क्रेन ऑपरेटर. श्वास ठीक, नाडी ठीक, चक्कर नाही. ओठ मात्र पांढरेफटक, आणि दोन्ही हातांची बोटं मुळाशी आणि मधल्या पेरांवर सारखीच सुजलेली. शर्टाची बटणं उघडी.

"शर्ट कोणी उघडला?"

"लावताच नाई आला जी बाई. सकाळी बोटं वळतच नाई. दुपारपावतर सुटतात."

निदान तिथेच निम्मं झालं. या दुखण्याला आमच्या पुस्तकात रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपल्याकडे आमवात. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं आणि सकाळी सगळ्यात जास्त.

दशरथने माझा हात धरला. म्हणजे धरायचा प्रयत्न केला. "बाई, अनफिट नका लिहू जी. क्रेन गेली तं क्वार्टर गेलं. गावाले काय तोंड दाखवू?"

अनफिट म्हणजे कामावरून छुट्टी. क्रेनच्या केबिनमध्ये कंट्रोलरचा दांडा सतत हातात लागतो. खाली माणसं, वर टांगलेलं गरम लोखंड. न वळणाऱ्या बोटांचा माणूस तिथे बसवता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून तो कित्येक महिने दवाखान्यात फिरकला नव्हता.

"पण गॅस कोणी सांगितला?" मी विचारलं.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. डोक्यावर पदर घेऊन दशरथची बायको कौसल्या उभी होती.

"म्या सांगतलं. वैद्यबुवा म्हने, याईच्या सांध्यात वायू शिरला. आज ड्यूटीले जाता नाई आलं, तं हजेरीच्या टाइम ऑफिसात सांगाले गेली. थो बाबू हिंदीवाला, त्याले सांध्यातला वायू समजेच ना. मंग म्या म्हटलं, गॅस."

"और मैडम, घर में बदबू भी थी," सेफ्टीचा म्होरक्या म्हणाला. "बहुत तेज़।"

"भट्टीच्या गॅसला वास नसतो, हे मी तुम्हाला शिकवायचं का?"

त्याने वाकून दशरथचे हात हुंगले. वास दशरथच्या हातांनाच येत होता, आणि तो मासळीचा होता. दशरथला क्रेन शिकवणाऱ्या रशियन एक्स्पर्टच्या बायकोने मासळीच्या तेलाची बाटली दिली होती. रोज एक चमचा प्यायचं, असं तिने खुणेने सांगितलं होतं.

"तोंडात कसं घालावं बाई ते?" कौसल्या म्हणाली. "मंग आमी चोळून राहिलो."

चोळून दशरथची बोटं सुटली नव्हती, पण गल्लीतली मांजरं दारात मुक्कामाला आली होती.

"आणि खातोस काय?" मी विचारलं, कारण ओठांचा पांढरेपणा काही केल्या बोटांच्या हिशोबात बसत नव्हता.

"दुधीचं पानी."

इथे सेक्टरबद्दल सांगायला हवं. क्वार्टरच्या एकेका ओळीत अख्खा देश राहायचा, आणि देशातला प्रत्येक माणूस डॉक्टर होता. शेजारच्या बंगाली बाईंनी तूरडाळ बंद केली, कारण डाळीने वायू धरतो. पलीकडच्या सरदारजींनी भात बंद केला. समोरच्या आंध्रवाल्यांच्या मते सगळा दोष गव्हाचा होता. मागच्या मिश्राजींनी मासळी, अंडं आणि कांदा एका दमात बाद केलं. दही, वांगं, टमाटर सर्वानुमते गेलं. स्वतःच्या ताटातलं मात्र कोणीच काही बंद केलं नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याचंच अन्न वर्ज्य ठरवलं. राष्ट्रीय एकात्मतेतून शेवटी दुधीचं पाणी उरलं, आणि वर वैद्यबुवांचं काळं चूर्ण. ते कशाचं होतं हे वैद्यबुवांनाही सांगता आलं नसतं.

माझा संताप संताप झाला. दुखण्याने आधीच रक्त कमी होतं, तिथे या मंडळींनी माणसाला उपाशी मारायला घेतलं होतं, आणि तेही प्रेमाने.

"हे चूर्ण बंद," मी म्हटलं. "डाळ, भात, पोळी, भाजी सगळं सुरू. अंडं खा. मासे चालत असतील तर खा. तेल प्यायचं, चोळायचं नाही. आणि ही गोळी. भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर पोट जाळते."

"डाळबी?" कौसल्याने घाबरून विचारलं.

"डाळ आधी!"

तेवढ्यात दशरथचे फोरमन धावत आले. घामाघूम. "मैडम, गैस मत लिखिए! इन्क्वायरी बैठेगी। ऊपर तक बात जाएगी।"

"दशरथ, तू कधी शिफ्ट बदलून मागितली नाहीस?" मी विचारलं.

"मांगतली होती जी. साहेब म्हने, हात दुखते तं मालीश कर."

फोरमन छताकडे पाहू लागले. मी शांतपणे कागद ओढला. "साहेब, मी खरं तेच लिहिणार. गॅस नाही, आमवात. त्याखालची दुसरी ओळ अशी, की या माणसाचे हात सकाळी चालत नाहीत, दुपारी चालतात. म्हणून सूज उतरेपर्यंत क्रेन नाही, खालचं हलकं काम. मग मी तपासून पाठवीन तेव्हा क्रेन, पण फक्त बी शिफ्ट." बी शिफ्ट म्हणजे दुपारची पाळी. "खाली तुमची सही लागेल."

"पहली लाइन पक्की है ना?"

"पक्की."

त्यांनी दुसरी ओळ वाचलीसुद्धा नाही. सही केली. सांधे दुखतात म्हणून जे महिनोन्‌महिने मिळालं नव्हतं, ते गॅसच्या धास्तीने चहा निवायच्या आत मिळालं.

दशरथ हळूहळू सावरला. आमवात जात नाही, आवरावा लागतो. मासळीच्या तेलाने सूज थोडी कमी होते असं आता डॉक्टरही मानतात. औषधाच्या जोडीला घ्यावं, औषधाऐवजी नव्हे. ओठांवर रंग आला, मूठ वळू लागली, मी तपासून त्याला पुन्हा क्रेनवर पाठवलं. ज्या दिवशी तो नीट बटणं लावलेला शर्ट घालून दवाखान्यात आला, त्या दिवशी मला खरंच भरून आलं. श्रेय अर्थातच गल्लीने वाटून घेतलं. भात सोडल्याने बरा झाला, असं सरदारजी म्हणायचे, आणि दशरथ तेव्हा रोज भात खात होता.

पुढे एकदा सुपेल्याच्या बाजारात मी भाजी घेत होते. शेजारी दशरथ एका कामगाराला समजावत होता. त्याचीही बोटं सुजलेली. मी मागे उभी आहे हे दोघांनाही दिसलं नव्हतं.

"काय खाल्लं गा तुवा?" त्या माणसाने विचारलं.

"सारं खाय. पोटभर खाय. बाईकडं जाय, गोळी घे." माझा ऊर अभिमानाने भरून आला. मग दशरथने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पन पयले टाइम ऑफिसात जाय, अन् गॅस म्हन."

हा उपचार वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. गुण मात्र येतो.