दारात बँड आला

परदेशात एकाच कंपूत राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आणि पुढच्या जेवणाला कुणीतरी ज्याचा किस्सा त्याच्यासमोरच फुगवून सांगतं. आमच्या आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या मंडळींत घरपट्टीचा विषय निघाला की नीलेश अजून खुर्चीत चुळबुळ करतो.

२०१२ साल. मंदी, पगारकपात, त्यात सरकारने घरांवर नवा कर लावला. लायब्ररी, रस्त्यावरचे दिवे, फायर ब्रिगेड यांच्यासाठी म्हणे. अख्खं आयर्लंड 'भरणार नाही' म्हणून पेटलं. आणि किलकेनीच्या हॉस्पिटलातल्या आमच्या डॉक्टर वैशालीने लगेच फोन लावला, "लवकर भरलं तर सूट किती?" पुण्यात मिळते ना! पलीकडची मुलगी म्हणाली, "सॉरी, तुम्ही भरायला फोन केलाय?"

*

नीलेशचं दुखणं वेगळं. त्याला नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. 'माणूस चांगला आहे' अशा आयरिश लोकांच्या सह्या हव्या होत्या. बाकीच्या मिळाल्या, शेवटची शेजारच्या टॉमची ठरलेली. आणि टॉम आमच्या वसाहतीतल्या 'भरू नका' मोहिमेचा पुढारी! भरावं तर टॉम बिथरणार, न भरावं तर सरकार. नीलेश किचनपासून गेटपर्यंत येरझाऱ्या घालायचा. शेवटी त्याने खिडकीत टॉमचं पोस्टर लावलं, गुपचूप पैसे भरले आणि पावती किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लोणच्याच्या बरणीमागे दडवली.

त्याने हे फक्त आम्हाला सांगितलं, तेव्हा माझी बायको म्हणाली, "याला दोन्हीकडून हाकलणार."

*

तेव्हा सांगलीहून त्याची आई आली होती. टॉम चहाला आला, तेव्हा तिने नीलेशला भाषांतर करायला लावून त्याला बजावलं, "आमच्याकडं घरपट्टी थकली की महापालिका दारात बँड लावती. चारचौघांत अब्रू जाती."

टॉमने मांडीवर थाप मारली. "बँड फुकट? काय क्रॅक, काय मजा आहे! मग तर मी मुळीच भरत नाही."

हे उत्तर मात्र नीलेशने आईला सांगितलं नाही. पुढे लोणचं काढताना आईला पावती सापडली आणि लेकाने तरी भरलंय म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

*

शनिवारी दुपारी टॉमचा मोर्चा निघाला. पुढे ड्रम आणि बॅगपाइप, मागे आम्ही. नीलेशही होता, न येऊन सांगतो कुणाला? टॉमला वाटलं, सगळ्यात आधी पोस्टर लावणाऱ्या घराला मानवंदना द्यावी. मोर्चा नीलेशच्या दारात थांबला आणि बँड जोरात वाजू लागला.

दार उघडलं. डोक्यावर पदर घेतलेली आई, हात उंच, हातात पावती.

"पेड! पेड! माझ्या लेकानं भरलंय की ओ साहेब. जावा तुम्ही दुसरीकडं."

बँड बंद पडला. तेवढा एक शब्द सगळ्यांना कळला होता. नीलेश पांढराफटक. मला त्याची फार कीव आली, पण पुढे व्हायची हिंमत झाली नाही.

टॉम पुढे गेला. त्याने पावती वाचली, घडी करून आईच्या हातात दिली आणि नीलेशच्या कानाशी वाकला.

"संध्याकाळी सहीचा कागद घेऊन ये. आणि आईला जरा हळू बोलायला सांग. माझी पावती किचनच्या प्रेसमध्ये आहे, बिस्किटांच्या डब्यामागे."