तिच्या हातचे चिलाकिलेस

२०१६ साली परदेशात, सिटीवेस्ट भागातल्या घरात माझ्यासोबत एक मेक्सिकन मैत्रीण राहायची. रविवारी सकाळी ती उरलेल्या टॉर्टियांचे, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचे, तुकडे तळून टोमॅटो-मिरचीच्या तिखट सालसात परतायची. हे चिलाकिलेस, म्हणजे त्यांच्याकडची फोडणीची पोळीच. ते मी तिच्याकडूनच शिकले. त्या हिवाळ्यात ती अपघातात गेली. तिचं सामान न्यायला तिची आई आली, तेव्हा नाश्त्याला मी तेच करून वाढलं. एक घास खाऊन काकू थांबल्या.

“माझ्या मुलीच्या हातची चव आहे,” त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले आणि बशी संपवली. अजूनही मी चिलाकिलेस करते, पण सालसा ढवळताना स्वतःच्या हातांकडे बघायचं टाळते.