कापड्याच्या भिंतीवरचं नाक

पुराची ती गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकलीच असेल. नसेल ऐकली, तर महाडात असे तुम्ही एकटेच. लग्नाच्या पंगतीत, कचेरीच्या सहलीत, एष्टीची वाट बघताना, कुठेही चार माणसं जमली की मी ती सांगतो आणि हातवारे करून सांगतो. सावित्रीचं पाणी बाजारातून आमच्या आळीत कसं शिरलं, माझी पत्र्याची ट्रंक कशी तरंगत दाराबाहेर निघाली, छातीभर पाण्यातून मी तिच्यामागे कसा गेलो, आणि ट्रंक हाती लागली तेव्हा आतला एक फोटो तेवढा कसा गेलेला होता. इथे मी थांबतो. उजवा हात पुढे करून रिकामा उघडतो. बायका चुकचुकतात. एकदा तर एका मामलेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

ती गोष्ट खोटी आहे. त्या वर्षी पूर आला हे खरं, पण आमच्या घराच्या चार पायऱ्या खाली येऊन पाणी थांबलं. ट्रंक कोरडी होती. तिला नदीचा गाळ मी स्वतःच्या हाताने फासला. दोन वह्या बादलीत बुडवून उन्हात वाळत घातल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. आहे की नाही नाटक?

खरं काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि तिला न सांगता मी साधा शर्टही घेत नाही. आज सांगायला बसलो आहे तर बघा, तीनदा उठून पाणी पिऊन आलो.

एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा, महाडच्या एका सरकारी कचेरीत कारकून. पगाराचं काम टपाल नोंदवण्याचं, जिवाचं काम करवतीचं. एका शिंप्याने टाकून दिलेल्या शिवणयंत्राचा पायटा मी आणला होता आणि त्यावर केसासारख्या बारीक पात्याची करवत बसवली होती. पायाने पायटा हलवायचा, पातं वरखाली नाचतं, आणि हातांनी प्लायवूड फिरवत न्यायचं. मोर, हत्ती, कमळं, गणपतीचं मखर. तुकडे कापायचे, कडा घासायच्या, एकेक रंगवायचा आणि पुन्हा एकात एक बसवायचे. काही तुकड्यांखाली जादा लाकूड घालून ते दोन सूत वर उचलायचे, म्हणजे चित्र फुगून भिंतीबाहेर येतं. ही युक्ती माझी. गावात माझ्याएवढा कारागीर नाही असं मला वाटायचं, आणि मी ते इतरांनाही वाटायला लावायचो.

आमच्या कचेरीतला शिपाई गणपत पोलादपूरच्या पुढचा, कापड्याचा. त्याचा थोरला भाऊ धोंडू मुंबईला गोदीत होता, तो तिकडेच गेला. अंगावर माल पडला. अग्नीही तिकडेच दिला, गावी आली ती फक्त तार. मागे त्याची आई, बायको अनसूया, आणि पाळण्यातली मुलगी.

एक दिवस गणपत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, वहीच्या पानाएवढा, वरून हाताने रंग दिलेला. धोंडूचा एवढा एकच फोटो.

"भाऊसाहेब, आयला आता दिसत नाय," तो म्हणाला. "दिसभर काच चाचपते नुसती. काचेवर काय लागतंय हाताला?"

कळलं ना तुम्हाला? मला तर लगेच कळलं. उठून उभा राहिलो मी. म्हणालो, गणपत, मी असा चेहरा करतो की आईला हाताने दिसेल. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, सगळं लाकडात, वर उचललेलं. अख्खी कचेरी ऐकत होती, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो. पैसे घेणार नाही असंही म्हणालो. गणपतने माझ्या पायाला हात लावला.

आता इथे मला अडखळायला होतं.

आमच्या कामाची रीत अशी, की आधी पातळ कागदावर चित्राची नक्कल उतरवायची, ती नक्कल खळीने लाकडावर चिकटवायची, आणि रेघेवरून करवत न्यायची. कागद कापला जातो, नंतर घासून काढायचा. नक्कल, मूळ चित्र नव्हे. शाळेतल्या पोराला कळेल इतकी साधी गोष्ट. मी नक्कल उतरवलीही होती. पण तिच्यात तो माणूस येत नव्हता. रेघा होत्या, माणूस नव्हता. आणि मला हुकमी एक्का टाकायचा होता. मनात म्हटलं, फोटोच चिकटवू. कापून झालं की तुकडे पाण्यात टाकू, कागद सुटेल, जोडून परत करू. बारीक पातं आहे, सांधे कुणाला दिसणार?

धोंडूच्या फोटोच्या पाठीला मी खळ लावली. त्याला प्लायवूडवर पालथा दाबून — नाही, पालथा कसा, उताणा. तोंड वर, माझ्याकडे बघत. आणि पायटा हलवला.

कापलं मात्र अप्रतिम. हेही सांगायला हवं, कारण कापताना मी शीळ घालत होतो.

मग तुकडे परातीत पाण्यात टाकले. दहा मिनिटांनी बघतो तर कागद लाकडालाच, आणि कागदावरचं चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून पाण्यावर आलेलं. बोट लावलं तर विरघळलं. एक डोळा थोडा वेळ तरंगला. मी तो पेल्याने उचलायला गेलो, आणि तोही गेला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? गणपतला सांगितलं असतं ना? मी चार दिवस तापाचं निमित्त करून घरी बसलो. पाचव्या दिवशी नदीला पूर आला. आणि काय सांगू, बाजारात लोकांची दुकानं बुडत होती तेव्हा मी खिडकीत उभा राहून पाण्याला म्हणत होतो, अजून चार पायऱ्या चढ.

ते चढलं नाही. मग ट्रंक, गाळ, बादली. गणपत येऊन वाळत घातलेल्या वह्या बघून गेला. "भाऊसाहेब, तुमी जिवावर उदार झाला आमच्यासाठी," म्हणाला. त्याच्या घरचा एकुलता फोटो मी मारला, आणि तो माझ्यासाठी घरून तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आला. त्या मी खाल्ल्या.

चेहरा पूर्ण करणं भाग होतं. मिशा आठवत होत्या, कान आठवत होते, भांग आठवत होता. तुकडे तर हातात होतेच, कोरे. फक्त नाकाचा तुकडा सापडेना. कापताना कुठेतरी उडाला असणार. नवा करायला बसलो तर त्या माणसाचं नाक मला आठवेचना. महिनाभर फोटो माझ्यापाशी होता, पण मी त्याच्याकडे चित्र म्हणून बघत होतो, कुणाच्या मुलाकडे बघतात तसं कधी बघितलंच नव्हतं. शेवटी दाढीचा आरसा समोर ठेवला आणि स्वतःचं नाक कापलं. लाकडात. हसू आलं ना? मलाही आलं होतं.

पितृपंधरवड्यात मी आणि गणपत तो चेहरा घेऊन कापड्याला गेलो. ओटीवर माणसं जमली होती. मी कापड काढलं तेव्हा जरा नाट्य केलंच, सवयच ती. रंग झकास उतरला होता. अनसूया दाराच्या आत उभी होती. तिच्या तोंडाकडे मी बघत होतो, जीव मुठीत घेऊन. आता ओळखेल, आता बोलेल. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आसंच आसंल. मी कुठं धड बघितलंय त्यांना." लग्नाला तीन वर्षं झालेली, तो गणपतीला आणि शिमग्याला येणार, आणि घर माणसांनी भरलेलं. वर मान करून नवऱ्याकडे बघायची सोय कुठे होती?

मी सुटलो, असं वाटलं मला.

मग आईच्या मांडीवर चेहरा ठेवला. तिने पदराने हात पुसले. कपाळावरून बोटं फिरवली, भुवयांवरून, मिशांवरून. हसली. मग अंगठा नाकावर आला आणि तिथेच थांबला. खाली गेला, वर आला. पुन्हा. दुसरा हात आला.

"खाच कुठं हाय?" ती म्हणाली. "ल्हानपणी आंब्यावरनं पडला. हितं खाच होती, माज्या अंगठ्याएवढी." आणि मग, अगदी हळू, "ह्यो माजा नाय रे."

गणपत माझ्याकडे बघायला लागला. दोष असा देत नव्हता तो, विचारत होता. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. एवढ्या वर्षांत मी लाखभर वाक्यं बोललो असेन. त्यातलं एक तिथे बोलायचं होतं.

मी पुढे झालो, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हणालो, "आजी, महिनाभर तो फोटो मी डोळ्यांत तेल घालून बघितलाय. त्यात खाच नव्हती. वय झालं की हातही विसरतात."

लोकांनी माना हलवल्या. अनसूया म्हणाली, "आये, फोटोवरनं केलाय त्यो. फोटो कसा चुकंल?" म्हातारीने हात उचलले आणि आपल्या मांडीवर उलटे ठेवले. पुन्हा त्या चेहऱ्याला लावले नाहीत.

नंतर गणपत सांगायचा. आय चेहऱ्याजवळ जात नाय. म्हणते माज्या हातांनीच दगा दिला, पोराचं त्वांड विसरले. आधी ती काच चाचपायची, आता तेही नाही. भाकरी थापायची नाही, तांदूळ निवडायची नाही, हात पदरात गुंडाळून बसायची. गणपत हे टपालाच्या वह्या उचलता उचलता सांगायचा, आणि मी शिक्के मारत असायचो. त्याची पावलं व्हरांड्यात वाजली की मी वहीत मान घालायचो.

तुम्हाला वाटत असेल की झालं, हीच ती कबुली. नाही हो. एवढंच असतं तर मी कदाचित ते कधीतरी गोष्टीत बसवून टाकलं असतं.

चेहरा देऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी करवतीखालचा भुसा झाडला. पायट्याच्या लोखंडी पट्टीमागे नाकाचा तुकडा अडकला होता. तो पाण्यात गेलाच नव्हता, त्यामुळे फोटो त्यावर होता तसा. आणि नाकाच्या मध्यावर एक सावली होती, अर्धचंद्रासारखी. खाच.

म्हातारी त्यानंतर आठ महिने जगली. कापडे गाव इथून किती लांब? सकाळच्या गाडीने गेलं तर दुपारच्या जेवणाला परत. त्या तुकड्यात खाच कोरून तो बसवायला एक तास पुरला असता. तेही नको, नुसतं तिच्यापाशी जाऊन "आजी, तुमचे हात बरोबर होते" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तसं म्हटलं की फोटो गेला कसा ते आलं, ट्रंक आली, गाळ आला, मी आलो. आठ महिने तो तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात होता. दिवाळीत गणपतने घरी बोलावलं तेव्हा मी गेलोसुद्धा. ती कोपऱ्यात हात गुंडाळून बसली होती. "कोण आलंय गो?" तिने अनसूयेला विचारलं. मी फराळ केला, एक किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं आणि परत आलो. वैशाखात ती गेली.

गेल्या महिन्यात त्या पाळण्यातल्या मुलीच्या मुलाचं बारसं झालं, कापड्यालाच. गणपतने हाताला धरून नेलं. भिंतीवर तो चेहरा होता, हार घातलेला, मी दर चार वर्षांनी जाऊन नवा रंग देतो तो. बायका एकदा भिंतीकडे बघत होत्या, एकदा बाळाकडे. "आज्याचं नाक घेऊन आलाय," एक म्हणाली, आणि सगळ्यांना पटलं. मी नाकावर रुमाल धरून बसलो होतो, सर्दी झाल्यासारखा. मुलीने बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "काका, तुमी नसता तर मला बाबा कसे होते ते कळलंच नसतं."

मी त्या बाळाच्या नाकावरून अंगठा फिरवला. सरळ होतं.

तो तुकडा रंगांच्या डब्यात आहे, तळाशी, आगपेटीत. फोटो पिवळा पडला आहे. मागे कधीतरी मी खाच होती तिथे चाकूने कोरून पाहिली, अगदी त्या सावलीवरून. आपोआप बरोबर झाली. अंगठा तिच्यात नेमका बसतो.