शनवारमास्तरांचा सातवा दिवस

शुक्रवारी दिवस कलला की आमचे शनवारमास्तर पळत सुटत. एरवी हा माणूस कधी घाईत दिसायचा नाही. वर्गात खडू हातातून निसटला तरी तो लोळत जाऊन थांबेपर्यंत ते वाट पाहत आणि मग निवांत वाकत. पण शुक्रवारी संध्याकाळी मात्र खांद्यावर घागर, काखेत जळण आणि नजर पश्चिमेला. सूर्य बुडायच्या आत पाणी भरून, भाकऱ्या थापून, दिवा लावून झालंच पाहिजे. त्यानंतर शनिवारी सूर्य बुडेपर्यंत ते कामाला हात लावत नसत. देवाने दहा आज्ञांत सातवा दिवस विसाव्याचा ठरवला, सातवा म्हणजे शनिवार, आणि ते कुण्या माणसाला बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गावाने त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव विसरून हेच नाव ठेवलं. त्यांनाही ते आवडायचं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, आम्ही दोघेच ख्रिस्ती. ते गणित शिकवायचे, मी नवखा, मराठीच्या वर्गावर. सरकारी सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. रविवारी शाळा असायची म्हणून आमचे पाळकसाहेब उपासना भल्या पहाटे उरकून घेत आणि आम्ही देवळातून थेट शाळेत जात असू. शनिवारी मात्र मास्तर गैरहजर. आमचे हेडमास्तर, त्यांना सगळे सदरसाहेब म्हणत, भले मुसलमान गृहस्थ होते. ते कपाळावर हात मारून म्हणायचे, "सरकार का जुम्मा, पादरी का इतवार, तुम्हारा सनीचर. फिर मदरसा कब चलाना, मास्टर?"

मास्तर हात जोडून म्हणाले, "जुम्मे को चलातूं साब, किल्ली देओ."

आणि खरंच चालवला. गाव सुट्टीवर असताना हे एकटे कुलूप उघडून बसत. आधी फळा कोळशाने काळा करणं, बोरू तासणं, असलीच कामं. मग गणितात कच्ची असलेली आठ-दहा पोरं येऊ लागली. शनिवारचे सगळे धडे मास्तर शुक्रवारी घ्यायचे, आणि शनिवारी त्यांचा वर्ग मी माझ्या वर्गात कोंबायचो. सदरसाहेब तिकडे पाठ करून बसत.

मास्तरांच्या घरी मात्र भांडण झालं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, एकदा माझ्यासमोरच कडाडल्या, "तुमाला शनवारची सुट्टी, अन् मला शुक्रवारी दोन दिवसांची चूल! देवानं बायकांसाठी कोणता वार ठेवलाय, ते बी शास्त्रात बघून सांगा की." मला वाटलं, आता मास्तर वचन शोधतील. पुढच्या शुक्रवारी गेलो तर ते काटवटीसमोर मांडी घालून भाकऱ्या थापत होते. भाकरी गोल म्हणता आली नसती, एका बाजूने तालुकाभर पसरलेली असायची. पण तेव्हापासून शुक्रवारच्या भाकऱ्या त्यांच्याच. वहिनी हसून म्हणायच्या, "दात हायेत तवर खाऊ."

वाद देवळातही झालाच. पाळकसाहेब विद्वान आणि मायाळू, पण या बाबतीत फार कडक. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मास्तरांना थांबवलं. "प्रभू रविवारी उठला. आपला दिवस तोच. जुन्या कराराचं ओझं आपल्यावर नाही."

"मंग बाकीच्या नऊ आज्ञा बी जुन्याच की," मास्तर म्हणाले. "चोरी चालती का आता?"

"तारण कृपेने होतं मास्तर, वार पाळून नव्हे."

"हाव, कृपेनंच. मी कुठं तारणासाठी पाळून राहिलो? बापानं लेकराला एक दिवस दिला. त्याला परत कसा करू?"

पाळकसाहेबांनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. दिवस-वारांवरून कुणी कुणाला दोष लावू नये, असं नव्या करारात प्रेषितानेच लिहून ठेवलंय म्हणाले. मास्तरांचा चेहरा उजळला. "तेच तर म्हणून राहिलो मी, पाळकसाहेब!" देवळात हशा पिकला, आणि पाळकसाहेबही हसले. मास्तर मात्र दर रविवारी पहाटे यायचेच. शेवटच्या ओळीत बसून सगळ्यांत मोठ्या आवाजात गायचे.

मला त्यांचं म्हणणं पटत नव्हतं, हे सांगून टाकतो. मी तेव्हाही रविवारचा होतो, आजही आहे. मला ते हट्टी वाटत. पण माणूस इतका आवडायचा की हट्टासकट आवडायचा.

मग कुणीतरी वर कागाळी केली. बिदरच्या जिल्हा कचेरीतून हुकूम आला: मास्तर यापुढे एका जरी शनिवारी गैरहजर राहिले तर नोकरीवरून कमी करावं, आणि हाजिरीचं रजिस्टर महिनाअखेरीला वर पाठवावं. त्या एका नोकरीवर घर चालत होतं. शेत नव्हतं, दुसरा आधार नव्हता. सदरसाहेबांनी विनवलं, पाळकसाहेब घरी जाऊन आले, मी तर पायच धरले. मास्तर म्हणाले, "मला ठावं हाय काय होईल. मी येत न्हाई."

शनिवार आला. मास्तरांच्या नावापुढचा चौकोन कोरा. दुपारी सदरसाहेब नमाजाला गेले तेव्हा मी दौत ओढली आणि मास्तरांची सही ठोकून दिली. मनातून मी स्वतःवर खूश होतो. सदरसाहेबांनी येऊन पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. वाटलं, निभलं.

रविवारी मास्तर स्वतःची सही करायला बसले. आदल्या दिवसाच्या चौकोनावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी त्या सहीवर सरळ रेघ मारली आणि शेजारी आपल्या सुरेख उर्दूत लिहिलं, 'गैरहाजर'. मग सदरसाहेबांना म्हणाले, "ये दस्तखत मेरी नहीं. किसकी है, मत पूछो साब." मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "शमू, खोटी साक्ष देऊ नको, ही नववी आज्ञा. माझी विसाव्याची चौथी वाचवायला तू तुझी नववी मोडलीस. असं करू नको बाबा." रागावले असते तर बरं झालं असतं. मला तोंड वर करवेना.

बडतर्फीचा कागद आला तोही नेमका शनिवारी. सदरसाहेबांनी तो माझ्या हातात दिला. चपराशाच्या हातून पाठवणं त्यांना बरं वाटेना.

मास्तर अंगणात बाजेवर बसून भजन म्हणत होते. "ये शमू, बस." मी लखोटा दिला. सरकारी मोहोर पाहून त्यांनी तो तसाच कोनाड्यात ठेवला. "कामाचा कागद हाय. आज न्हाई."

"मास्तर, महत्त्वाचा आहे."

"मंग तर निवांत वाचू. सूर्य बुडू दे."

आणि त्यांनी मला जाऊ दिलं नाही. त्यांनी थापलेली कालची भाकरी, ठेचा, दही समोर आलं. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसलो होतो, आणि ते माहूरच्या रानात बापासोबत मध काढायला गेल्याची गोष्ट सांगत होते. माशा चावून बापाचं तोंड कसं सुजलं ते सांगताना पोट धरून हसले. मग आडवे झाले आणि चक्क घोरू लागले. कोनाडा तिथून चार हातांवर. वहिनी एकदा लखोट्याकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं होतं.

सूर्य बुडाला. मास्तरांनी हात धुतले, दिव्याजवळ बसून कागद दोनदा वाचला आणि घडी घातली.

"काय हाय?" वहिनींनी विचारलं.

"नोकरी गेली."

माझा बांध फुटला. "मास्तर, दुपारीच वाचला असता तर तहसीलदाराला गाठलं असतं, दरखास्त दिली असती! तुम्ही झोपलात कसे?"

"तू तर दिवसभर मनात त्योच कागद वाचत बसला होतास, शमू. काय बदललं त्यात?" ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. मी लहान लेकरासारखा रडत होतो. मला माझ्या वयाची, शिक्षणाची लाज वाटली. इतकी वर्षं उपासनेला जाऊन मी एक दिवससुद्धा असा विसावलो नव्हतो.

मास्तर उठले, धोतर खोचलं आणि चुलीत स्वतः काटक्या सारल्या. "चहा टाकतो. रडू नको बाबा. सहा दिवस हायेत की आता हातात."